देव बसलेली गाडी

दादाचा फोन आला तेव्हा मी आईच्या पायाला तेल चोळत होते. हात तेलाचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"यंदा गणपती आपल्या त्या जुन्या गाडीतून आणू," दादा म्हणाला. "नातीला गंमत वाटेल. व्हिडिओही होईल मस्त. माळ्यावरून काढ, जरा घासूनपुसून रंग मार. तू काय, घरीच असतेस."

तू घरीच असतेस. अकरा महिन्यांत हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं होतं की कुणी म्हणायला तोंड उघडलं तरी माझ्या कानशिलात ठणका लागायचा. दूधवाला म्हणतो, ताई घरीच असता ना, शेजारच्यांचं दूध ठेवून घ्या. शेजारीण म्हणते, तू घरीच असतेस, जरा पापडांवर लक्ष ठेव. आणि जाता जाता सगळ्यांचं ठरलेलं, "किती करतेस गं आईचं! देव बघतोय हो वरून." बघतोय ना? मग बघू दे की. मी काय बोलणार!

गेल्या नवरात्रात आई मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, डॉक्टर म्हणाले चालवा. आई वॉकर धरून मोरीपर्यंत जायची आणि परत यायची. त्यापुढे एक पाऊल नाही. त्याआधी बावीस वर्षं मी खालापुरात एका वकिलांकडे कामाला होते. वारसनोंदी, सातबाऱ्याचे अर्ज, खरेदीखतं, सगळं टाइप करायचं, तहसील कचेरीत कुठला कागद आधी कुणाच्या टेबलावर न्यायचा ते बघायचं. लग्न झालं नाही, केलं नाही, जे काय ते. पण सकाळी नऊ पस्तीसची एसटी होती, खिडकीखालची खुर्ची होती, आणि "ताई आल्या का?" असं विचारणारी माणसं होती. आई पडली तेव्हा पंधरा दिवसांची रजा टाकून घरी आले होते. त्या पंधरा दिवसांचे अकरा महिने झाले.

श्रावणात वकीलसाहेबांचा फोन आला. भला माणूस, बिचारा अवघडून बोलत होता. "ताई, खुर्ची गणपतीपर्यंत ठेवतो. गणपती गेले की सोमवारी या. नाही जमलं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल, राग मानू नका."

राग कसला? मी त्याच दिवशी बाई शोधली. पलीकडच्या वाडीतली, पन्नाशीची, शांत, आजारी सासूचं सगळं केलेली. दिवसभर बसायला तयार होती. आईला सांगितलं तर आईने भिंतीकडे तोंड केलं.

"परकी बाई घरात नको."

"का नको?"

"आपल्या देवाला परक्या हातचा निवद चालत नाय."

झालं. आमच्या घरात देवाचं नाव आलं की बोलणं संपतं. बाबा होते तेव्हाही असंच होतं. दादाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "आईलाच नको असेल तर कशाला उगीच? या वयात नोकरी करून तुला काय मिळवायचंय?" मी फोन ठेवला आणि पिठाचा डबा असा आपटला की झाकण उडून चुलीमागे गेलं. ते काढायलाही मलाच वाकायला लागलं.

तर अशात ती गाडी आली. लहान मुलांनी ओढायची, लोखंडी पत्र्याची. परातीपेक्षा खोल, चार छोटी चाकं, पुढे लांब दांडा आणि दांड्याला हाताची कडी. अशी गाडी आमच्या गावात कुणाकडेच नव्हती. बाबा माथेरानला हॉटेलच्या भटारखान्यात होते. तिकडे मोटारी नाहीत, सगळा लाल मातीचा रस्ता, त्यामुळे बंगल्यावाल्यांची मुलं असल्या गाड्या ओढत फिरायची. एका बंगल्यातलं सामान निघत होतं, त्यात ही निघाली. बाबांनी ती डोक्यावर पालथी घेतली आणि पायवाटेने डोंगर उतरून थेट घरी आणली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. दादा अकराचा. त्याला सायकलचं वेड लागलेलं, त्यामुळे गाडी माझी झाली. माझी म्हणजे माझीच. तिच्यात मी भोपळे वाहिले, मांजराची पिल्लं फिरवली. सगळ्यात मजा यायची ती आमच्या अंगणापासून खालच्या शेतापर्यंतच्या उतारावर. मी आत बसायची, दांडा मांडीवर घ्यायची, आणि दादा मागून एक ढोसा द्यायचा. पोटात गोळा यायचा आणि मी ओरडायची. तेवढं ओरडायला मला पुन्हा कधी मिळालं नाही.

दोन वर्षं असं चाललं. मग मी आठ वर्षांची असताना गणपतीला बाबांची पाठ धरली. मूर्ती आणायची कर्जतहून. टेम्पोने फाट्यापर्यंत येईल, पण फाट्यावरून घरापर्यंत डोक्यावर कोण घेणार? दादा लहान. तेव्हा घरात कुणीतरी म्हणालं, गाडीतून आणा. आईने गाडी धुतली, आत पाट ठेवला, त्यावर लाल कापड घातलं. दांडा माझ्या हातात. बाबा एक हात मूर्तीला लावून बाजूने वाकडे वाकडे चालत होते. मी इतकी हळू ओढली, इतकी हळू, की पाठीमागच्या झांजवाल्यांना कंटाळा आला. दारात पोचलो तेव्हा आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि देव आणणाऱ्याच्या पायावर घालतात तसं माझ्या पायावर पाणी घातलं. माझ्या! आठ वर्षांच्या पोरीच्या! मी फुगून अशी टम्म झाले होते की विचारू नका.

संध्याकाळी आरती झाल्यावर मी अंगणात गेले आणि गाडीत जाऊन बसले. आईने आतून पाहिलं. धावत आली, दंडाला धरून मला बाहेर ओढलं आणि पाठीत एक धपाटा.

"देव बसलेत त्यात! पाय लावतेस?"

बाबा बाहेर आले. काय झालं ते ऐकलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "खरंय बाबा. आता ती देवाची झाली." दुसऱ्या दिवशी गाडीला हळदकुंकू लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली. मी रडले, जेवले नाही, दोन दिवस आईशी बोलले नाही. पण देवाशी कोण भांडणार? पुढल्या वर्षी बाबांची पाठ बरी झाली, मूर्ती पुन्हा डोक्यावरून आली, आणि गाडी वरच राहिली.

चव्वेचाळीस वर्षांनी मी तिला खाली काढली, दादाला व्हिडिओ हवा म्हणून.

गोणपाटाचा भुगा झाला होता. पुढच्या पत्र्यावर हळदीचा डाग अजून होता, तपकिरी पडलेला. तळाला तळहाताएवढं भोक. दोन चाकं फिरत होती, दोन गंजून बसली होती, आणि दांड्याचा बोल्ट तर जणू आईचा स्वभाव घेऊन जन्माला आलेला. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरमधलं बाटलीभर डिझेल मागून आणलं, बोल्टावर सोडलं, फडकं गुंडाळून ठेवलं. दूधवाल्याला सांगून कर्जतहून पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, लाल ऑइलपेंट, दोन ब्रश मागवले. आणताना म्हणाला, "ताई, घरी बसून चांगला छंद लागला तुम्हाला." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुधाचं माप न घेताच निघाला.

पडवीत गोणपाट टाकून मी घासायला बसले. आई आत माजघरात खाटेवर, मध्ये भिंत आणि एक झरोका. तोवर आमचं काय चालायचं ते सांगते. मी स्वयंपाकघरात असले की दर पाच मिनिटांनी, "कुठं हायस गं?" मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेले की, "कुठं हायस गं?" माझं जग तिच्या हाकेएवढं. पुढे फणसापर्यंत, मागे कपड्यांच्या तारेपर्यंत. फणस ओलांडला की हाक ऐकू येत नाही, आणि हाकेला ओ दिली नाही की आई रडायला लागते. अकरा महिन्यांत मी फणसाच्या पलीकडे एकटी किती वेळा गेले ते बोटांवर मोजता येईल. किराणा दुकानात गेले तरी शेजारणीला आईजवळ बसवून, आणि शेजारीण उठायच्या आत परत. रात्री छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटायचं. आईवर माया नाही असं नाही. पण कधी कधी तिची हाक आली की दात-ओठ खाल्ले आहेत मी, खोटं कशाला बोलू?

घासायला बसले आणि एक गोष्ट लक्षात यायला मला दोन दिवस लागले. पॉलिश पेपरची खरखर चालू असेपर्यंत आई हाक मारत नव्हती. तासभर घासलं, तासभर शांत. हात थांबला, घाम पुसायला नुसता पदर उचलला, की लगेच, "कुठं हायस गं?" पुन्हा खर्रर्र सुरू, पुन्हा गप्प. खरखर म्हणजे मी पडवीत आहे, एवढंच तिला हवं होतं.

मग मी गरजेपेक्षा जास्त घासायला लागले. लाल रंग गेला, खाली हिरवा निघाला. हिरवा गेला, पत्रा निघाला, चकचकीत. बोल्ट चौथ्या दिवशी सुटला. तळाच्या भोकावर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून चार स्क्रूंनी बसवला. बोट कापलं, त्याला हळद लावली, पुन्हा घासलं. हात चालू असताना डोकं माझं असायचं. सोमवार किती दिवसांवर आलाय ते मोजायचं आणि आईला काय सांगायचं ते जुळवायचं. सगळं जुळायचं आणि शेवटी "आपल्या देवाला चालत नाय" पाशी येऊन आपटायचं.

गणपतीच्या चार दिवस आधी माझ्या डोक्यात ते आलं. आलं म्हणजे काय, सैतानच शिरला म्हणा. मी मोबाइल गाडीच्या कडेवर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि वीस-बावीस मिनिटं पत्रा घासला. मग दुपारचं जेवण झाल्यावर, आई आडवी झाली होती तेव्हा, पाच मिनिटं खरंच घासलं. मग मोबाइल गाडीच्या आत ठेवला. पत्र्यात आवाज घुमतो, बरोब्बर तसाच वाटला. खर्रर्र, खर्रर्र. मी चपला हातात घेतल्या आणि अंगणातून अशी निघाले की चोराने शिकावं.

फणस ओलांडला तेव्हा मागे वळून पाहिलं. हाक नाही. मग मी चालले नाही, सुटलेच. फाटा सात मिनिटांवर आहे, मी पाचांत पोचले. कशाला? कशालाच नाही. दुकानात काही घ्यायचं नव्हतं, कुणाला भेटायचं नव्हतं. एसटीच्या शेडमध्ये बाकावर जाऊन बसले. कर्जतकडून रिक्षा गेली, विटांचा टेम्पो गेला. कुणीही मला हाक मारत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी ते पुसलंही नाही.

तेवढ्यात खालापूरची एसटी आली. कंडक्टर ओळखीचे. दार उघडून म्हणाले, "काय ताई, किती दिवसांनी! आई बरी? चला, बसा."

पाय उचलला होता मी. खरं सांगते. खालच्या पायरीवर एक पाय ठेवला होता. हातात पर्स नाही, अंगावर डिझेलचे डाग पडलेली घरातली साडी. आतून ओळखीचा वास आला, एसटीचा. मग मोबाइल आठवला, बावीस मिनिटं आठवली. "सोमवारी," मी म्हणाले. "सोमवारी येते." पाय खाली घेतला. बस गेली आणि मी धावत सुटले.

फणसापाशी आले तर खरखर ऐकू आली. जीव भांड्यात पडला. अंगणात शिरले आणि जागीच थिजले.

आई गाडीत बसली होती.

वॉकर पडवीत आडवा पडलेला. आई गाडीत, गुडघे वर आलेले, लुगडं घोट्यांच्या वर गेलेलं, आणि मांडीवर माझा मोबाइल. मोबाइलमधून मी घासत होते. खर्रर्र, खर्रर्र.

"पडलीस? लागलं का? आई! लागलं का कुठे?"

"नाय पडले. बसले." आईचा आवाज शांत होता. "तुझा फोन वाजला. खरखर थांबली. तीनदा हाक मारली, तू ओ देईना. मंग मीच उठले. उंबरा कसा ओलांडला देवाला ठावं. फोन ह्या गाडीत वाजत व्हता. वाकले तर पाय थरथरायला लागलं, म्हनलं पडन्यापरीस बसलेलं बरं."

"आणि फोन?"

"हिरवं दाबलं. दादा व्हता. कुठं हाय ती म्हनाला. म्हनलं, गाडी घासतेय, हात भरलेत." ती मोबाइलकडे बघत होती. "त्यानं फोन ठेवला आन् ह्यातून पुन्हा तू घासाया लागलीस."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. लाज आणि राग, दोन्ही एकदम. आणि माझं काय आहे, लाज वाटली की मी आधी भांडते.

"हो! गेले होते! फाट्यावर जाऊन बसले होते, नुसती बसले होते! अकरा महिने झाले आई, मी माणूस आहे की खाटेचा पाय? तुझ्या देवाला परकी बाई चालत नाही, आणि तू मात्र देवाच्या गाडीत पाय घालून बसलीस! तेव्हा मला धपाटा घातला होतास. आठवतंय? देव बसलेत त्यात, म्हणाली होतीस!"

मोबाइलमधली खरखर संपली. मग आई म्हणाली, "कसली देवाची गाडी? गाडी ती गाडी."

"म्हणजे?"

"खाली इहीर व्हती. उताराच्या तळाला. तवा कठडा नव्हता तिला. तू वरडत खाली जायचीस आन् मी इथं चुलीपाशी कान देऊन बसायची, तुझं वरडणं थांबलं की माझा जीव जायचा. तुझ्या बापाला सांगितलं, तर हसला. म्हनला, पोरं खेळनारच. सासू म्हनली, तूच भित्री. माझं कोन ऐकत व्हतं गं त्या घरात? मंग बापाची पाठ धरली. मीच म्हनलं, गाडीतून देव आना."

मी पडवीच्या पायरीवर बसले. तेव्हा गाडी धुणारी आई, पाट ठेवणारी आई, लाल कापड नीट चारी बाजूंनी खोचणारी आई मला दिसायला लागली.

"देवाचं नाव घेतलं की कुनी वाद घालत नाय," आई म्हणाली. "तुझा बाप पन गप झाला."

"विहिरीला कठडा बांधला, वरून जाळी बसली. तेव्हा का नाही काढलीस?"

"तवर तू मोठी झालीस."

एवढंच. मी हसायला लागले की रडायला, मला कळेना. मग विचारलंच. "आणि बाई? परक्या हातचा निवद?"

आईने गाडीची कड दोन्ही हातांनी धरली. "तू एकदा गेलीस की जाशील," ती म्हणाली. "मी मोरीत पडले तवा तू बसमधी व्हतीस. दोन तास मी वल्या फरशीवर हाका मारत व्हते. मला भ्या वाटतं गं."

हे तिने अकरा महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं. ती दोन तास पडून होती हे मला ठाऊक होतं. हाका मारत होती, हे ठाऊक नव्हतं. तिच्या काखेत हात घालून उठवायला लागले, तर ती गाडीत अशी घट्ट बसली होती की दोनदा उचलून पुन्हा खाली बसली. तिसऱ्यांदा आम्ही दोघी हसलो. चौथ्यांदा ती उठली.

सोमवारचं मी पुन्हा काढलं नाही. कुठल्या तोंडाने काढणार? दोन दिवसांत गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारला, वर लाल रंगाचे दोन हात दिले, चाकांत ग्रीस भरलं. आई आता स्वतःहून वॉकर घेऊन पडवीत यायची, खुर्चीवर बसून बघायची आणि "तिथं राहिलंय" म्हणून बोट दाखवायची. मनातल्या मनात मी वकीलसाहेबांना सांगायचं वाक्य तयार केलं होतं. साहेब, नाही जमत, तुम्ही बघा कुणीतरी. रविवारी विसर्जन झालं की फोन करायचा असं ठरवलं. इतका स्वच्छ निर्णय झाला होता की मला रात्री झोपही लागायला लागली होती.

शनिवारी दादा, वहिनी, मुलगा, सून आणि नात अशी सगळी पलटण आली. नात साडेचार वर्षांची. गाडी पाहिली आणि टाळ्या पिटायला लागली. मूर्ती गाडीतून आली, दांडा दादाच्या हातात, सून पुढे उलटी चालत व्हिडिओ काढतेय. आईने वॉकर धरून दारात उभं राहून भाकरतुकडा ओवाळला. दादाच्या पायावर पाणी मी घातलं.

आरती झाली, मोदक झाले, आणि दुपारी नात गाडीत चढली. दादा ओरडला, "अगं नको, नको! देवाची गाडी आहे ती, पाय नाही लावायचा!"

"बसू दे तिला," आई खुर्चीतून म्हणाली. "देव उतरलं. इहिरीला जाळी हाय आता."

दादाला विहिरीचं काही कळलं नाही. पण आईच म्हणतेय म्हटल्यावर तो बाजूला सरकला. पोरगी गाडीत बसली, तिच्या बापाने दांडा ओढला, आणि ती जी ओरडली! हेवा वाटला मला, साडेचार वर्षांच्या पोरीचा. चव्वेचाळीस वर्षं जे माळ्यावर होतं ते तिला एका वाक्यात मिळालं.

संध्याकाळी चहाला सगळे पडवीत बसले असताना दादाने विषय काढला. "वकिलांना कळवलंस ना? सांगून टाक एकदाचं, त्यांना पण लटकवू नकोस. आणि खरं सांगू, तू इथे आहेस म्हणून आम्हाला तिकडे निवांत झोप लागते. तुझ्यासारखी बहीण मिळायला भाग्य लागतं."

मी बशीकडे बघत "हं" म्हणाले.

"ती सोमवारी कामाला जानार हाय," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मीही.

"काय?" दादा म्हणाला. "आणि तुझ्याकडे कोण बघणार?"

"वाडीतली बाई येनार. सांगितलंय तिला."

कुणी सांगितलं होतं? मी तर नव्हतं सांगितलं.

"अगं आई, परकी बाई दिवसभर घरात... तूच नको म्हणत होतीस ना? आणि हिला तरी या वयात..."

"नवस बोललेय मी," आई म्हणाली. तिने देव्हाऱ्याच्या बाजूला हात जोडले, डोळे मिटले. "माझे पाय पडवीपतूर चालू देत, लेकीला तिच्या कामावर धाडीन. त्यानं पाय दिलं. आता मी फेडू नको? देवाला खोटं पाडू?"

दादाने डोकं खाजवलं. हुबेहूब बाबा. "नवसच आहे म्हटल्यावर..." तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला. वहिनीने हात जोडले. विषय संपला.

मी आईकडे टक लावून बघत होते. ती माझ्याकडे बघेना. बांगडी फिरवत बसली होती.

सगळे आत गेल्यावर तिला खाटेवर घेताना मी हळूच विचारलं, "कधी बोललीस नवस?"

"मघाशी. चहा पिताना."

मी तिच्या पायाशी बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिने केसांत हात घातला, नुसता ठेवला.

"रंगाचा वास येतोय तुझ्या केसांना," ती म्हणाली. "साडेसहाच्या आत ये. आन् ऐक. ती खरखर त्या बाईच्या फोनात घालून दे."

रविवारी विसर्जन झाल्यावर मीच वाडीत जाऊन सांगून आले, आणि सोमवारी सकाळी बाई आली. मी तिच्या फोनवर ते बावीस मिनिटांचं पाठवलं, संपलं की पुन्हा कसं लावायचं ते दाखवलं. ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती. आईने "जाते" म्हणू दिलं नाही, "येते म्हन" म्हणाली. येते म्हटलं. पर्स घेतली, फणसापर्यंत आले आणि सवयीने थांबले.

हाक आली नाही. पडवीतून खर्रर्र, खर्रर्र ऐकू येत होतं. मी एसटीत खिडकीशी बसून खालापूरला निघाले तेव्हा तिकडे घरी मी अजून गाडी घासत होते.